उष्णतेचा जमाखर्च

ट्रेल मॅरेथॉनला पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याच्या हाती दोन याद्या पडतात. एक सामानाची: डोंगरवाटेवर पकड घेणारे बूट, पाण्याची पाठपिशवी, वारापाऊस अडवणारे जाकीट, शिट्टी, हेडलॅम्प, घडी करून मुठीत मावणारे चंदेरी ब्लँकेट, जास्तीचे चार घास. दुसरी सरावाची: आठवड्याला किती किलोमीटर, किती चढ, किती उतार, लांब पल्ल्याची धाव कोणत्या वारी. पहिली यादी एका संध्याकाळी दुकानात पुरी होते, दुसरीला चार-पाच महिने लागतात. त्यामुळे ही दोन निराळी कामे आहेत असे वाटते, आणि त्यातही पहिले दुय्यम. सराव म्हणजे खरी तयारी आणि सामान म्हणजे आयोजकांची अट, असाच बहुतेकांचा हिशेब असतो. डोंगरधावेचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. या दोन्ही याद्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: तासन्‌तास डोंगरावर राहणारे शरीर उष्णता किती निर्माण करते आणि किती गमावते? सराव ही या खात्यातली जमेची बाजू, तर सामान खर्चाला घातलेला आवर. यातले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ही समज प्रामुख्याने ब्रिटनच्या डोंगरांवर, तरुणांच्या मृत्यूनंतर झालेल्या तपासातून आली. सक्तीच्या सामानाच्या यादीकडे पाहायचे तर आधी हा इतिहास पाहायला हवा.

सुरुवातीच्या काळात अशी यादी नव्हती, कारण तिची गरजच फारशी भासत नव्हती. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमिअर गावच्या क्रीडामेळ्यात एकोणिसाव्या शतकापासून ‘गाइड्स रेस’ होत आली आहे. समोरच्या टेकडीवर चढायचे आणि तसेच खाली यायचे, पंधरा मिनिटांच्या आत खेळ आटोपतो. एवढ्या वेळात शरीर थंड पडायला उसंतच मिळत नाही, आणि पळणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेक्षकांच्या नजरेसमोर असतो. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसची गोष्ट थोडी वेगळी. फोर्ट विल्यम गावच्या विल्यम स्वानने १८९५ मध्ये गावातून १,३४५ मीटर उंचीचे शिखर गाठून परत येण्याला २ तास ४१ मिनिटे घेतली, आणि तिथून या डोंगरावरच्या शर्यतींची परंपरा सुरू झाली. शिखरावरचे हवामान कसे असते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. १८८३ ते १९०४ या काळात त्याच माथ्यावर वेधशाळा होती, तिथे राहणारे लोक दिवसरात्र नोंदी घेत, आणि वर्षाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असल्याचे त्या नोंदींतून दिसत होते. म्हणजे डोंगराबद्दलची माहिती जमा होत होती. त्या हवेत तासन्‌तास धडपडणाऱ्या माणसाच्या शरीरात काय घडते, हे मात्र अजून कोणी मोजले नव्हते.

मॅरेथॉन तोवर वेगळ्याच वाटेने चालली होती. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावले गेले आणि १९२१ मध्ये अधिकृत ठरले. ती रस्त्यावरची शर्यत होती. दुतर्फा माणसे, ठरावीक टप्प्यांवर पाणी, कोणी कोसळले तर उचलायला गाडी. हेच अंतर डोंगरवाटेवर नेण्याचे ठळक आणि आजवर टिकलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली पाइक्स पीक मॅरेथॉन. १९५६ मध्ये आर्ने सुओमिनेन या डॉक्टरने धूम्रपान करणाऱ्यांना दिलेल्या आव्हानातून ती सुरू झाली. पायथ्यापासून चार हजार मीटरहून उंच माथ्यापर्यंत जायचे आणि उतरायचे. अंतर रस्त्यावरच्या मॅरेथॉनइतकेच, पण सुमारे २,४०० मीटरच्या चढाने तिचा स्वभावच पालटला. एका धावेत माणूस उन्हाळ्यातून हिवाळ्यात जाऊन परत येऊ शकतो, त्याला लागणारे तास दुप्पट होतात, आणि त्यातले बरेच तास जिथे गाडी पोहोचत नाही तिथे जातात. वेळ वाढला, मदत लांब गेली, हवा बेभरवशाची झाली. ट्रेल मॅरेथॉनच्या तयारीचे सगळे प्रश्न या तीन गोष्टींतून निघतात. अंतराचा आकडा त्या मानाने गौण आहे.

या प्रश्नांचे उत्तर शोधायला भाग पाडणारी घटना धावण्याच्या शर्यतीत नाही, चालण्याच्या स्पर्धेत घडली. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये ओसाड मुरमाड माथ्यांवरून आणि दलदलीच्या पठारांवरून जाणारी, चार जुन्या खाणावळी जोडणारी ‘फोर इन्स वॉक’ ही स्काउट चळवळीतल्या तरुणांची वार्षिक स्पर्धा होती. अंतर चाळीस मैलांहून अधिक, मुदत एक दिवस-रात्र. १४ मार्च १९६४ रोजी दोनशेहून अधिक तरुण निघाले. दिवस चढत गेला तसा पाऊस आणि वारा वाढला. तापमान गोठणबिंदूच्या थोडे वर होते, म्हणजे बर्फ पडून कोरडे राहण्याचीही सोय नाही, नुसते भिजत राहायचे. त्या रात्री एकोणीस ते चोवीस वर्षांचे तीन धडधाकट तरुण गारठून मेले. आल्प्स किंवा हिमालयातली ही दुर्घटना नव्हे. सहाशे मीटर उंचीचे हे डोंगर मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध आहेत. त्याच वर्षी पीक डिस्ट्रिक्टमधल्या बचावपथकांची एकत्रित संघटना उभी राहिली. त्याहून दूरगामी गोष्ट म्हणजे या मृत्यूंचा शास्त्रीय तपास ग्रिफिथ प्यू यांनी हाती घेतला.

प्यू हे लंडनमधल्या वैद्यकीय संशोधन संस्थेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहकांनी दिवसाकाठी किती पाणी प्यावे, प्राणवायू किती घ्यावा, बूट आणि कपडे कसे असावेत याचे गणित बसवणारा माणूस. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यांच्या शरीराची उष्णताही त्यांनी आधी अभ्यासली होती. फोर इन्सच्या दुर्घटनेवरचा त्यांचा लेख १९६४ मध्येच ‘लान्सेट’मध्ये आला. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी त्या वाटेवर तरुण घालत तसले कपडे प्रयोगशाळेत भिजवले, त्यांवर वारा सोडला, आणि ते घातलेल्या माणसांना सायकलच्या यंत्रावर कष्ट करायला लावून त्यांच्या शरीराचे तापमान मोजले. निष्कर्ष दोन होते आणि ते एकत्रच वाचायला हवेत. पहिला: ओल्या कपड्यांना वारा लागला की त्यांची ऊब राखण्याची ताकद कोरड्या अवस्थेच्या मानाने अगदी थोडी उरते. अंगावर तीन थर आहेत याला मग फारसा अर्थ राहत नाही. दुसरा: त्याच ओल्या कपड्यांत, त्याच वाऱ्यात, जोवर माणूस पुरेशा जोराने काम करत राहतो तोवर त्याचे तापमान टिकते. कामाचा जोर एका मर्यादेखाली आला की घसरण सुरू होते. ही मर्यादा गाठून तिथे तासन्‌तास टिकणे तयारीच्या माणसाला जमते. कमी तयारीचा माणूस थकतो, वेग कमी करतो, गार पडतो, गार पडल्यामुळे स्नायू आणखी दुबळे होतात, आणि वेग आणखी घटतो. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला तासा-दोन तासांत कोसळताना सोबत्यांनी पाहिले होते. त्यांना तो नुसता थकवा वाटला होता.

यामागचे शरीरशास्त्र गुंतागुंतीचे नाही. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा पाव हिस्साही प्रत्यक्ष हालचालीत उतरत नाही, बाकीची उष्णता होते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देतो, जोमाने धावणारा त्याच्या सात-आठ पट किंवा त्याहून जास्त. म्हणूनच थंडीत पातळ बनियनवर पळता येते. धावणाऱ्याचे खरे पांघरूण त्याचा वेग असतो. पाय मुरगळला, वाट चुकली, पोटातले इंधन संपले, की हे पांघरूण एका क्षणात निघून जाते, आणि अंगावर उरतात घामाने भिजलेले कपडे. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीराच्या आतले तापमान ३७ वरून ३५ अंशांखाली आले की हायपोथर्मिया म्हणतात, आणि तिथे आधी हात वळत नाहीत, मग डोके चालत नाही. सक्तीच्या सामानाची यादी नेमक्या याच क्षणासाठी आहे. जाकीट धावण्यासाठी नाही, थांबण्यासाठी आहे. जास्तीचे खाणे भुकेसाठी नाही, अंग थरथरून ऊब निर्माण करायलाही इंधन लागते म्हणून. शिट्टी एवढ्यासाठी की गारठलेल्या माणसाला फार वेळ ओरडता येत नाही, पण फुंकर मारता येते.

ही समज नियमांत उतरायला पुढची काही दशके लागली. ब्रिटनमध्ये डोंगरधावकांची संघटना १९७० मध्ये स्थापन झाली. तिने शर्यतींची प्रतवारी दोन निकषांवर केली: दर किलोमीटरला चढ किती आणि एकूण लांबी किती. किलोमीटरमागे सरासरी ५० मीटर चढ असेल तर सर्वांत खडी प्रत, २० किलोमीटरच्या वर असेल तर लांब प्रत. लांब आणि खड्या शर्यतींत सर्वांग झाकणारे वाराप्रतिबंधक कपडे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि आपत्कालीन खाणे बंधनकारक झाले. काही शर्यतींनी आधीच्या डोंगरधावांचा अनुभव दाखवल्याशिवाय प्रवेश न देण्याचा नियम केला. सामान आणि अनुभव एकाच नियमावलीत शेजारी बसले, यात प्यूंच्या निष्कर्षांचे दोन्ही भाग दिसतात. १९६८ मध्ये सुरू झालेल्या करिमॉर माउंटन मॅरेथॉनने तर दोघांची जोडी, दोन दिवस, आणि तंबू-स्लीपिंग बॅगसकट सगळा संसार पाठीवर अशी अटच घातली. बाजाराने साथ दिली ती नंतर. पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या गोअरटेक्सचे पहिले कपडे १९७६ मध्ये आले. बोल्टनच्या नॉर्मन वॉल्श यांच्या कारखान्यातले, गवताळ उतारावर रुतणाऱ्या रबरी खिळ्यांचे बूट डोंगरधावकांच्या पायांत दिसू लागले तेही याच सुमारास. आज दुकानात रांगेने मांडलेल्या वस्तूंमुळे यादी कंपन्यांनी रचली असे वाटते. वास्तविक यादीचा विचार आधी झाला आणि त्या वस्तू हलक्या होत गेल्या नंतर.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. जुने लोक यातले काहीच न घेता धावले, त्यांचे काय? केझिकचा बॉब ग्रॅहम हा अतिथीगृह चालवणारा गृहस्थ १९३२ च्या जून महिन्यात लेक डिस्ट्रिक्टची ४२ शिखरे २४ तासांच्या आत फिरून आला, ते टेनिसचे बूट, अर्धी चड्डी आणि पायजम्याचा सदरा घालून. आपल्याकडे १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली. त्यांनी दिलेल्या वेळा पाहून दोराबजी टाटांना भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावासा वाटला. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. ही उदाहरणे खरी आहेत, पण आक्षेपाच्या बाजूने ती बोलत नाहीत. चौगुले धावले तो रस्ता होता, तीन तासांच्या आतला, मदत हाताशी असलेला. ग्रॅहम त्याच डोंगरांत राहणारा. कडा, ओढा आणि धार त्याच्या पायाखालची, दिवस जूनमधले म्हणजे सर्वांत मोठे, आणि प्रत्येक टप्प्यावर वाट माहीत असलेला सोबती बरोबर. जी सुरक्षितता आज पिशवीत घालावी लागते ती त्याच्या भोवतीच्या माणसांत आणि स्थलज्ञानात होती. शहरातून येऊन अनोळखी डोंगरावर पहिल्यांदा धावणाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्याने ग्रॅहमचा हलकेपणा घ्यायचा आणि ग्रॅहमचे बाकी भांडवल सोडायचे, हा सोयीचा इतिहास झाला.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे, कारण तो प्यूंच्याच दुसऱ्या निष्कर्षावर उभा राहतो. तयारीचा माणूस वेगाने जाऊन ऊब टिकवू शकतो, तर मग त्याने पिशवी हलकी ठेवून वेग वाढवणेच शहाणपणाचे नाही का? याचे उत्तर चीनच्या कान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी मिळाले. बाइयिनजवळच्या पीत नदीकाठच्या खडकाळ प्रदेशात १०० किलोमीटरची शर्यत होती, धावक १७२. दुपारी उंचावरच्या चढावर अचानक वादळी वारा, गारा आणि थंड पाऊस आला. एकवीस जण मरण पावले. मृतांत लिआंग जिंग होते, चीनमधले अव्वल अल्ट्रा धावक. त्या चढावर गाडी पोहोचत नव्हती. वारा अडवणारे जाकीट सक्तीच्या यादीत नव्हते, केवळ सुचवलेले होते, आणि मे महिन्याच्या उबदार सकाळी बहुतेकांनी ते घेतले नाही. सर्वांत तयारीचे धावक सर्वांच्या पुढे होते, म्हणून वादळाने त्यांना सर्वांत उंच आणि उघड्या जागी गाठले. तयारीने त्यांना संकटापासून दूर नेले नाही, उलट त्याच्या मध्यावर पोहोचवले. वारा इतका की उभे राहणे मुश्कील झाले, आणि धावता येईना तेव्हा जमेची बाजू शून्यावर आली. काही जण वाचले ते चू कमिंग या मेंढपाळामुळे. त्याने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली, ब्लँकेटे दिली. जर्मनीत झुगश्पिट्झे शिखरावरच्या शर्यतीत जुलै २००८ मध्ये बर्फ पडून दोन धावक दगावले होते, तेही ऐन उन्हाळ्यातल्या पातळ कपड्यांत.

या घटनेशेजारी ऑक्टोबर २००८ ची ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन ठेवून पाहावी. करिमॉर स्पर्धेचाच हा पुढचा अवतार, त्या वर्षी लेक डिस्ट्रिक्टच्या बोरोडेल खोऱ्यात होता. सुमारे अडीच हजार स्पर्धक डोंगरात असताना वादळ आले, ओढ्यांना पूर चढले, शर्यत मध्येच थांबवावी लागली. शेकडो लोक बेपत्ता असल्याच्या बातम्या रात्रभर चालल्या. सकाळपर्यंत उलगडा झाला: काहींनी तंबू ठोकून रात्र काढली, काही गोठ्यांत, काही पाटीच्या दगडाच्या खाणीच्या शेडमध्ये होते. कोणीही दगावले नाही. या तुलनेतून फार मोठा निष्कर्ष काढणे मात्र बरोबर नाही. बोरोडेलच्या खाली गावे होती, स्पर्धक जोड्यांनी होते, त्यांतले बहुतेक नकाशा वाचण्यात मुरलेले होते, आणि कान्सूतल्या मदतीच्या व्यवस्थेची उणीव कोणत्याही जाकिटाने पूर्ण भरून काढली नसती. तरी एवढे म्हणता येते की वादळात अडकलेल्या माणसाला थांबण्याचा पर्याय एका ठिकाणी होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता. सामान देते ते एवढेच: थांबण्याचा पर्याय. सामानाला याहून जास्त श्रेय देऊ नये, कमीही देऊ नये.

मग सरावाचे काय? तिथेही इतिहास रस्त्यावरच्या सवयी दुरुस्त करतो. न्यूझीलंडच्या आर्थर लिडिअर्ड यांनी पन्नासच्या दशकात आपल्या धावकांना ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे टेकड्यांतून ३५ किलोमीटरची चढउताराची फेरी दर आठवड्याला घालायला लावली. मध्यम पल्ल्याच्या धावकांनाही यातून सुटका नव्हती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरमध्ये सुवर्ण मिळवले, बॅरी मगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य. आधी महिनोन्‌महिने दमाचा पाया आणि मग वेग, हे त्यांचे सूत्र आज सर्वमान्य आहे. प्यूंच्या भाषेत सांगायचे तर हा पाया म्हणजे दीर्घकाळ उष्णता निर्माण करण्याची ताकद. डोंगरासाठी त्यात दोन भर घालाव्या लागतात. एक उताराची. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांचे तंतू त्याने दुखावतात, आणि ही इजा आधी थोडी थोडी सोसलेली असेल तरच पुढच्या वेळी कमी होते. सपाट रस्त्यावर कितीही धावले तरी हे साधत नाही. मांड्या गेलेला धावक उतारावर चालू लागतो, आणि वेग गेला की काय होते ते वर आलेच आहे. दुसरी भर वेळेच्या अंदाजाची. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी ठोकताळा दिला: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. धावणारा यापेक्षा जलद जाईल, पण चढाचा वेळ वेगळा मोजावा हे तत्त्व तसेच राहते. रस्त्यावरच्या मॅरेथॉनच्या वेळेवरून ट्रेलचा अंदाज बांधणारा निम्म्या वाटेत पाणी, खाणे आणि उजेड तिन्ही संपवतो.

सह्याद्रीत हे सगळे गैरलागू आहे असा तिसरा आक्षेप निघेल, आणि तो वाजवी आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या वाटेवर गेल्या काही वर्षांत ट्रेलच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. तिथे पहाटे गारवा असला तरी डिसेंबरातही दुपारचे ऊन कातळावर तापते. इथे गोठून कोण मरणार? पण जमाखर्चाचा नियम उलट दिशेनेही चालतो, आणि तोही प्यूंनीच मोजला. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या एका मॅरेथॉननंतर त्यांनी धावकांचे तापमान आणि घटलेले वजन तपासले. विजेत्याचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले होते आणि घामावाटे त्याने काही लिटर पाणी गमावले होते. तेही इंग्लंडच्या हवेत. वेगवान धावक जास्त उष्णता निर्माण करतो, म्हणून उन्हात धोका त्यालाच जास्त. घाम वाळला तरच उष्णता बाहेर जाते. दमट हवेत तो नुसता ठिबकतो. त्यामुळे पुणे-मावळच्या डोंगरांत यादीचा पहिला मान जाकिटाऐवजी पाण्याला, मिठाला, टोपीला आणि सावलीच्या ठिकाणांच्या माहितीला जातो. सरावातही उन्हात धावण्याची सवय लावून घेणे हा अभ्यासक्रमाचा भाग होतो, कारण शरीर लवकर आणि जास्त घाम गाळायला आठवडा-दोन आठवड्यांत शिकते. पावसाळ्यातल्या धावांना मात्र जुनी यादी जशीच्या तशी लागू पडते. चिंब भिजलेला, घाटमाथ्याच्या वाऱ्यात पाय मुरगळून बसलेला धावक जुलैमध्ये पंधरा-सोळा अंशांतही गारठू शकतो. त्यासाठी शून्य अंश लागत नाहीत.

राहिला खर्चाचा आक्षेप: डोंगरात धावणे हा साधा खेळ होता, याद्यांनी तो पैसेवाल्यांचा केला. यात तथ्य आहे, पण दोष यादीचा नाही, यादी वाचण्याच्या पद्धतीचा आहे. इतिहासाने सिद्ध केलेल्या वस्तू थोड्या आणि बहुतेक स्वस्त आहेत. वारा अडवणारा थर, पाणी, खाणे, शिट्टी, उजेड, अंगाभोवती गुंडाळायचे काहीतरी, आणि घसाऱ्यावर पकड घेणारा तळवा. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, कार्बनची पट्टी घातलेला बूट, स्नायू आवळणारे मोजे यांचे काही फायदे असतील, पण त्यांच्या अभावी डोंगरात कोणी मेल्याची नोंद नाही. पहिल्यांदा धावणाऱ्याने कसोटी एवढीच लावावी: ही वस्तू मी थांबलो तर उपयोगी पडेल, की फक्त पळताना? थांबल्यावर उपयोगी पडणारी आधी घ्यावी. आणि ती सरावात अंगवळणी पाडावी, कारण गारठलेल्या बोटांनी नव्या पिशवीची चेन उघडायला शिकता येत नाही. सामानाचा सराव हाही सरावच आहे.

आपल्याकडे अजून व्हायचे आहे ते वेगळेच. ब्रिटनची यादी ब्रिटनच्या दुर्घटनांच्या तपासातून निघाली. आपण ती युरोपातल्या शर्यतींच्या नियमावलीतून तयार उचलतो, म्हणून ती कधी आपल्या हवेला ढिली होते, कधी घट्ट. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचावपथके सह्याद्रीत दर पावसाळ्यात माणसे खाली आणतात. कोण कुठे अडकले, कशाने कोसळले, अंगावर आणि पिशवीत काय होते, याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते नोंदवले गेले, एखाद्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ते हाती घेतले आणि आयोजकांनी त्यावरून नियम केले, तर सह्याद्रीची स्वतःची यादी तयार होईल. प्यूंनी तीन तरुणांच्या मृत्यूला दैवाचा खेळ न मानता मोजमापाचा विषय मानले. डोंगरधावेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल तो होता, आणि तोच इथे करण्याजोगा आहे. तोवर पहिल्या ट्रेल मॅरेथॉनला निघालेल्याने दोन्ही याद्या एकाच पानावर लिहाव्यात: एका बाजूला मी किती तास ऊब निर्माण करू शकतो किंवा उन्हात किती तास टिकू शकतो, दुसऱ्या बाजूला ते तास संपल्यावर माझ्याजवळ काय असेल. दोन्ही बाजू भरल्या असतील तरच त्याची तयारी झाली असे म्हणता येईल.